पाचवी मागणी : कामावरचा अपघात आणि भरपाईच्या कायद्याची कथा

सप्टेंबर १८८४. मुंबईत गिरणी कामगारांच्या दोन सभा भरल्या आणि त्यांतून एक निवेदन तयार झाले. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या त्यावर पडल्या. या सभांमागे होते ‘दीनबंधु’ पत्र चालवणारे, महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवायचे होते आणि त्यात मागण्या पाचच होत्या.

आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात. या चार मागण्या बहुतेकांना ऐकून ठाऊक असतात, निदान रविवारच्या सुटीची तरी असतेच. पाचवी मात्र फारशी उद्धृत होत नाही. कामावर जखमी झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती.

रविवारची सुटी १० जून १८९० रोजी पदरात पडली. पाचव्या मागणीला कायद्याचे रूप येण्यास १९२३ साल उजाडावे लागले, म्हणजे ३९ वर्षे. तेव्हा लोखंडे यांना जाऊन २६ वर्षे झाली होती. हा धागा त्या पाचव्या मागणीचा आहे.

ती मागणी आज कोठे जिवंत आहे हे पाहायचे तर गिरणगावात जाऊन उपयोग नाही. भिवंडीच्या गोदामांत किंवा न्हावा-शेव्याच्या मालयार्डात जावे लागेल. तेथे साच्यांचा खडखडाट नाही. मागे येताना पीं-पीं वाजणारी एक बुटकी गाडी आहे, तिचे नाव फोर्कलिफ्ट.

फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवर ठेवलेला तराजू. पुढच्या चाकांचा आस हा त्याचा टेकू. एका बाजूला फोर्कवरचा माल, दुसऱ्या बाजूला गाडीच्या पाठीत बसवलेले वजनदार काउंटरवेट. माल जितका वर उचलावा तितका साऱ्या गाडीचा गुरुत्वमध्य वर चढतो. त्यातच मागचा आस मध्यभागी एका खुंटीवर डुलता ठेवलेला असतो. त्यामुळे दिसायला चारचाकी असलेली ही गाडी तोलाच्या हिशेबात एका त्रिकोणावर उभी असते : पुढची दोन चाके हे दोन कोन, मागच्या आसाचा मध्य हा तिसरा. गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाबाहेर गेला की गाडी कलंडते. वेगात घेतलेले वळण, उंच उचललेला माल, फरशीतला एखादा खड्डा, यांपैकी काहीही त्याला पुरते.

तिची वळणारी चाके मागची. वळण घेताना पुढचे टोक जवळजवळ जागच्या जागी फिरते आणि मागची बाजू झाडूसारखी बाहेर फेकली जाते. शेजारून चालणारा माणूस तेथेच सापडतो. आणि गाडी कलंडू लागली की चालकाची उपजत प्रेरणा उडी मारण्याची असते. ती त्याचा घात करते. तो पडतो त्याच बाजूला गाडीही येते, आणि डोक्याच्या रक्षणासाठी लावलेले लोखंडी छत त्याच्याच अंगावर येते. म्हणून पट्टा बांधावा, कलंडताना बाहेर न उडता आत घट्ट धरून बसावे आणि पडण्याच्या उलट दिशेला झुकावे, हे चालकाला शिकवावे लागते. शरीराला ते आपोआप समजत नाही.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८० ते १९९४ या पंधरा वर्षांतील फोर्कलिफ्टशी संबंधित १,०२१ कामगार-मृत्यूंची छाननी केली. त्यांतील २२ टक्के गाडी कलंडल्याने झाले होते. २० टक्के मृत्यू पायी चालणाऱ्यांचे, गाडीची धडक बसून. अपघाताला पुष्कळदा ‘नशीब’ म्हटले जाते, पण नशिबाची टक्केवारी वर्षानुवर्षे इतकी सारखी येत नाही.

मग प्रश्न उरतो तो हा : मोडलेले हाड कोणाच्या खात्यावर मांडायचे? मालकाच्या, चालकाच्या, की चालकाच्या बायकामुलांच्या? विशेष म्हणजे इंग्रजी कायद्यात हा वाद ज्या खटल्यापासून सुरू झाला त्यातही प्रमाणाबाहेर माल लादलेली एक गाडीच होती. फक्त ती घोड्याची होती.

१८३५ साली इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात एका खाटकाने आपल्या तरुण नोकराला मांसाने भरलेल्या गाडीवर बसून जाण्यास सांगितले. भार फार होता. गाडी वाटेत मोडली, नोकर खाली आला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. त्याने मालकावर दावा केला. ज्यूरीने १०० पौंडांची भरपाई दिली. नोकराने आपल्या धन्याला अशा कारणासाठी न्यायालयात खेचावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

१८३७ मध्ये वरच्या न्यायालयात लॉर्ड अ‍ॅबिंजर यांनी तो निवाडा उलटवला. त्यांची भीती अशी की एकदा हे दार उघडले तर शेवट कोठे होणार? मोलकरणीने ओलसर अंथरुण घातले म्हणून गडी आजारी पडला तर धनी जबाबदार. स्वयंपाकिणीने तांब्याचे भांडे नीट न घासल्याने विषबाधा झाली तरी धनीच जबाबदार! शिवाय गाडी जड झाली आहे हे नोकराला धन्याइतकेच, कदाचित अधिक चांगले, दिसत होते. जीव प्यारा होता तर त्याने बसायला नकार द्यायचा होता.

या निकालातून पुढे ‘सहकाऱ्याची चूक’ हे तत्त्व उभे राहिले. एका कामगाराच्या हलगर्जीपणाने दुसरा जखमी झाला तर मालक जबाबदार नाही, कारण दोघेही त्याच मालकाचे नोकर. १८४२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी त्याला अर्थशास्त्राचा साज चढवला. सांधेवाल्याच्या चुकीने रूळ चुकून एका रेल्वे इंजिनचालकाने हात गमावला होता. न्यायमूर्तींचे म्हणणे असे की धोक्याच्या कामाला मजुरी जास्त मिळते, म्हणजे धोक्याची किंमत पगारातच दिलेली आहे. त्या चालकाला दिवसाला दोन डॉलर मिळत. हाताचे पैसे त्यातच आले.

पुढची साठ-सत्तर वर्षे मालकांच्या वकिलांना तीन ढाली पुरल्या. चूक सहकाऱ्याची होती. चुकीत जखमी माणसाचाही वाटा होता. धोका त्याने जाणून पत्करला होता. तिन्ही ढाली ओलांडून एखादा कामगार पलीकडे गेलाच, तर तोवर वकिलाची फी भरपाईला गिळून बसलेली असे.

आता पुन्हा मुंबईत या. लॉर्ड अ‍ॅबिंजर यांचा नोकर ‘नकार देऊ शकत होता’. गिरणीतला कामगार देऊ शकत होता का? निवेदनातली चौथी मागणी पुन्हा वाचावी. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, असे मागावे लागत होते. म्हणजे केलेल्या कामाचा पैसा त्याहूनही अधिक काळ मालकाकडे अडकून राहत असे. ज्याची महिना-दीड महिन्याची कमाई गिरणीत अडकली आहे आणि घर वाण्याच्या उधारीवर चालले आहे, त्याला उघड्या पट्ट्याजवळ उभे राहायला नकार देण्याचे स्वातंत्र्य असते, हे फक्त कायद्याच्या पुस्तकात खरे. लोखंडे स्वतः गिरणीत भांडारपालाचे काम केलेले गृहस्थ होते. चौथ्या आणि पाचव्या मागणीचे नाते त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा तेव्हा अमलात आला होता. त्यात यंत्रांना कुंपण घालण्याची आणि अपघाताची खबर सरकारला देण्याची तरतूद होती. जखमी माणसाला काय द्यायचे याविषयी मौन होते. १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा मृताच्या वारसांना दाव्याचा हक्क देत होता, पण दोष सिद्ध करण्याचे ओझे वारसांवरच होते. घाटावरून आलेल्या एखाद्या विधवेने हायकोर्टात जाऊन गिरणीच्या इंजिनिअरचा हलगर्जीपणा सिद्ध करावा, अशी ती कल्पना!

या पार्श्वभूमीवर पाचव्या मागणीचे शब्द पाहिले म्हणजे त्यांचे वेगळेपण कळते. तीत चूक कोणाची याचा उल्लेखच नाही. कामावर जखम झाली, एवढेच पुरे. बरे होईपर्यंत पगार. बरे न झाल्यास पोटाची व्यवस्था. ‘दोष’ हा शब्द कायद्यातून काढून टाकण्याची ही कल्पना १८८४ मध्ये जगात अगदी ताजी होती. त्याच वर्षीच्या जुलैत जर्मनीत बिस्मार्क यांनी अपघात विम्याचा कायदा संमत करून घेतला होता. तो जगातला या स्वरूपाचा पहिला राष्ट्रीय कायदा. मालकांच्या संघांनी वर्गणी भरायची आणि चूक कोणाचीही असो, जखमी कामगाराला ठरलेल्या हिशेबाने निर्वाह द्यायचा.

बर्लिन आणि मुंबई यांमध्ये त्या वेळी अडीच महिन्यांचे अंतर पडले. बर्लिनची बातमी मुंबईच्या चाळीत पोहोचली असावी असे मानण्याची गरज नाही. बिस्मार्क यांचा हेतू समाजवाद्यांच्या शिडातले वारे काढून घेण्याचा होता, तर मुंबईतली मागणी तुटलेली बोटे रोज पाहणाऱ्यांची होती. खुद्द ब्रिटनमध्ये असा कायदा जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये झाला, म्हणजे परळच्या कामगारांनी मागितल्यावर तेरा वर्षांनी.

अमेरिकेतली हकिकत अधिक विदारक आहे. क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकील बाईंनी पिट्सबर्गच्या परिसरातील एका वर्षातले कामावरचे मृत्यू मोजले. जुलै १९०६ ते जून १९०७ या काळात एकट्या अ‍ॅलेगेनी परगण्यात ५२६ माणसे मेली होती. मेलेल्या विवाहित पुरुषांच्या निम्म्याहून अधिक कुटुंबांना मालकांकडून शंभर डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते. कित्येकांना काहीच नाही. त्यांच्या अहवालाच्या प्रभावातून न्यूयॉर्क राज्याने १९१० मध्ये सक्तीच्या भरपाईचा कायदा केला.

२४ मार्च १९११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो घटनाबाह्य ठरवला. मालकाची चूक नसताना त्याच्या खिशातून पैसे काढणे म्हणजे कायदेशीर प्रक्रियेविना मालमत्ता हिरावणे, असे त्या न्यायमूर्तींचे मत पडले. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, न्यूयॉर्क शहरातील ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ जण मेले, बहुतेक तरुण स्थलांतरित मुली. पुढे दिवाणी दाव्यांच्या तडजोडीत एका जिवामागे ७५ डॉलर मिळाले. न्यूयॉर्कने आपली राज्यघटना दुरुस्त केली, नवा कायदा केला आणि मार्च १९१७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला.

योगायोग असा की १९१७ मध्येच मिशिगन राज्यातल्या बुकॅनन गावी क्लार्क कंपनीने कारखान्यातला माल हलवण्यासाठी ‘ट्रकट्रॅक्टर’ नावाची गाडी बनवली. फोर्कलिफ्टच्या वंशावळीत तिचे नाव फार वरचे आहे. पुढच्या दशकात तिला उचलणारे काटे आणि उभा मास्ट आला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रसद लाकडी पॅलेटवर रचून हलवली जाऊ लागली, आणि हे यंत्र जगभरच्या बंदरांत पोहोचले.

भारतात पहिल्या महायुद्धानंतर वारे बदलले. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली, १९२० मध्ये आयटक. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे ना. म. जोशी १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी होते. शांत, आकडेवारीवर भर देणारा आणि एका कलमासाठी चिकाटीने झगडणारा असा हा माणूस. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला.

दोषाचा प्रश्न गेला. त्याबदल्यात आली एक दरपत्रिका. हा सौदा होता आणि तो दोन्ही बाजूंनी नीट समजून घ्यायला हवा. कामगाराला मालकाची चूक सिद्ध करायची नाही. मालकाला अमर्याद रकमेची भीती नाही. मृत्यू झाल्यास ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतली कमी असलेली रक्कम. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांतली कमी. जिवंत राहिलेल्या अपंगाला मृतापेक्षा अधिक मिळते याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. पण त्याला स्वतःलाही खायचे असते.

अंशतः अपंगत्वासाठी कायद्याला पहिली अनुसूची जोडली होती, आणि ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. उजवा हात कोपरापासून किंवा वर तुटल्यास कमाईची क्षमता ७० टक्के गेली असे धरायचे. डावा असल्यास ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. इतर कोणतेही बोट ५. महिना ३० रुपये मिळवणाऱ्या कामगाराचा हिशेब असा : पूर्ण अपंगत्वाचे १,२६० रुपये, म्हणून अंगठ्याचे ३१५, करंगळीचे ६३.

अनुसूचीतल्या टक्क्यांना क्रूर म्हणणे सोपे आहे. पण त्याआधी त्याच अंगठ्याचे मोल शून्य होते, किंवा मुकादमाच्या मर्जीवर होते. लोखंडे यांच्या मागणीशी ताडून पाहिले तर खरी उणीव वेगळी दिसते. त्यांनी ‘उदरनिर्वाहाची तजवीज’ मागितली होती. कायद्याने एकरकमी पैसे दिले. एकरकमी पैसे गावाकडच्या कर्जात, लग्नात, भाऊबंदांत विरघळतात; हात परत येत नाही. आणखी एक खोच होती. दहा दिवसांपर्यंतच्या दुखापतीला भरपाईच नव्हती. बोट चिरणे, पाय मुरगळणे, भाजणे, म्हणजे रोजचे अपघात, मालकाच्या खात्यावर येतच नव्हते. ही मुदत पुढे सात दिवसांवर आणि मग तीन दिवसांवर आली.

एक कलम मात्र दूरदर्शी निघाले. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर वारसांच्या हाती द्यायची नाही. ती आयुक्तांकडे जमा करायची. कोऱ्या कागदावर विधवेचा अंगठा घेऊन प्रकरण मिटवण्याची वाट त्यामुळे बरीच अरुंद झाली. आणि बाराव्या कलमाने ठेकेदाराच्या माणसांची भरपाईही मूळ धन्याकडून मागण्याची सोय केली. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. आज गोदामाच्या फाटकावर एका कंपनीची पाटी, फोर्कलिफ्टवर दुसऱ्या कंपनीचे नाव आणि चालकाच्या ओळखपत्रावर तिसऱ्याच मनुष्यबळ पुरवठादाराचे. अशा ठिकाणी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कलमाचे सूत्र अजून कामाला येते.

धनी कोण, हा प्रश्न हमालांच्या बाबतीत सर्वांत बिकट होता. बाजारातला हमाल सकाळी एका पेढीचे पोते उचलतो, दुपारी दुसऱ्या. पाठीचा मणका कोणाच्या पोत्याखाली गेला? अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला, तेव्हा त्याने यावर साधा तोडगा काढला. नोंदित माथाडी कामगारांना भरपाईचा कायदा लागू केला, आणि जेथे मजुरी माथाडी मंडळामार्फत दिली जाते तेथे भरपाईपुरते मंडळालाच मालक मानले. ज्यांच्या डोक्यावरचा भार फोर्कलिफ्टने उतरवला, आणि ज्यांचे कामही पुष्कळ ठिकाणी घेतले, त्यांच्यासाठी झालेली ही तरतूद.

दोष गेला तरी वाद गेले नाहीत. ते दोन शब्दप्रयोगांभोवती जमले : अपघात ‘कामातून’ आणि ‘कामाच्या ओघात’ झालेला हवा. कामाचा ओघ कोठे संपतो? २० जुलै १९५७ च्या संध्याकाळी बेस्टच्या एका चालकाने जोगेश्वरी आगारात आपली बस लावली आणि सांताक्रूझला घरी जाण्यासाठी बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये तो बसला. अंधेरीजवळ ती बस उभ्या लॉरीवर आदळली. सहा दिवसांनी तो वारला. उपक्रमाचे म्हणणे, काम संपले होते. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये विधवेच्या बाजूने निकाल दिला. मुंबईसारख्या पसरलेल्या शहरात चालकांना बसमधून मोफत प्रवास दिला जातो तो सेवेच्या सोयीसाठी, म्हणून तो प्रवासही कामाचाच भाग, असे बहुमताने ठरले.

दुसरा निकाल डिसेंबर १९७५ चा. ओडिशातल्या जयपूर गावी चित्रपटगृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. दरपत्रिकेप्रमाणे ते अंशतः अपंगत्व होते. सुप्रीम कोर्टाने म्हटले की एका हाताने सुतारकाम होत नाही; या माणसाची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. शिवाय भरपाई देय होते ती अपघाताच्याच दिवसापासून, आयुक्तांच्या निकालाची वाट पाहायची नसते. दरपत्रिकेवर माणसाच्या धंद्याची मोहर उमटवणारा हा निवाडा फोर्कलिफ्ट चालकाच्या पायालाही तितकाच लागू पडतो. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबता येत नसेल, तर त्या खुर्चीत त्याची क्षमता किती टक्के उरली?

लॉर्ड अ‍ॅबिंजर यांची सावली कायद्यातून पुरती गेलेली नाही. कामगार दारू प्यालेला होता, त्याने सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढले, तर मालक भरपाई नाकारू शकतो. फोर्कलिफ्ट चालकाने पट्टा बांधला नव्हता, हे वाक्य म्हणून अपघाताच्या अहवालात हमखास दिसते. मात्र येथे कायदा हळूहळू मऊ होत गेला. १९३३ च्या दुरुस्तीने मृत्यूच्या प्रकरणांतून हा बचाव काढून टाकला, १९९५ च्या दुरुस्तीने कायमच्या पूर्ण अपंगत्वातूनही. नुसता निष्काळजीपणा तर कधीच पुरेसा नव्हता. नियम सांगितलेला होता, तो हट्टाने मोडला आणि अपघात थेट त्यामुळेच झाला, हे तिन्ही दाखवावे लागते. पट्टाच तुटका असेल, किंवा तासाला अमुक इतके पॅलेट हललेच पाहिजेत असा दंडक असेल, तर हट्ट कोणाचा, हे आयुक्त विचारू शकतात.

एकरकमी पैशांच्या उणिवेवर उत्तर स्वातंत्र्यानंतर आले. प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालावर उभा राहिलेला कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा, आणि योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत सुरू झाली. तिच्यात अपंगाला दरमहा, आयुष्यभर निर्वाह मिळतो आणि उपचार वेगळे. पाचव्या मागणीच्या शब्दांशी जुळणारा हाच पहिला कायदा म्हणावा लागेल. जो या विम्याच्या छत्राखाली येई त्याला १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नसे.

पण छत्राला कड असते. २०१७ पासून ती महिना २१,००० रुपये पगाराची राहिली. त्याहून एक रुपया अधिक मिळवणारा कुशल फोर्कलिफ्ट चालक छत्राबाहेर पडे आणि १९२३ च्या कायद्याकडे येई. त्याचे सूत्र पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही उतरले. तेथे भरपाई मोजताना पगाराची कमाल मर्यादा जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने १५,००० रुपये ठरवली. म्हणजे विम्यासाठी ज्याचा पगार जास्त, भरपाईसाठी त्याच माणसाचा पगार कमी धरायचा.

तीस वर्षांच्या चालकाचा हिशेब त्यामुळे असा होतो. वयाचा गुणक २०७.९८. मृत्यू झाल्यास १५,००० च्या निम्म्याला त्याने गुणायचे : १५,५९,८५० रुपये. पूर्ण अपंगत्वासाठी साठ टक्क्यांना : १८,७१,८२० रुपये. अंगठ्याचा दर मधल्या काळात २५ वरून ३० टक्क्यांवर गेला आहे, म्हणून फोर्क आणि पॅलेट यांच्या फटीत गेलेल्या अंगठ्याचे ५,६१,५४६ रुपये होतात. त्याचा खरा पगार २२,००० असला तरी तेवढेच.